गवत भरलेले बूट आणि बर्फाखालचं कुरण

हिमालयात ट्रेकला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, थंडी सगळ्यात आधी कुठे गाठते? पायांच्या बोटांना. एकावर एक दोन जोड लोकरी मोजे चढवले तरी चालून चालून पाय घामेजतात, मोजे ओलसर होतात आणि मुक्कामाला पोचेपर्यंत बोटं बधिर झालेली असतात. युरोपच्या उत्तर टोकाला राहणारे सामी लोक मात्र उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खालच्या थंडीत रेनडिअरच्या कळपामागे दिवसचे दिवस हिंडत, आणि त्यांच्या पायांत मोजे नसत. बुटात भरलेलं असे वाळकं गवत.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस १७३२ साली या प्रदेशात फिरला, तेव्हा त्याचं या गवताकडे लक्ष गेलं. ते कुठलं, कसं कापतात, कसं वापरतात हे त्याने कौतुकाने लिहून ठेवलं आहे. गवतात असं काय आहे?

बुटातलं गवत

हे गवत म्हणजे आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली, पाणथळ जागी वाढणारी एक वनस्पती. उन्हाळ्याच्या अखेरीस ती कापायची, बडवून मऊ करायची, मग फणीने विंचरून तिची पाती चिरत न्यायची आणि पीळ देऊन, गोल वेटोळी करून वाळवायची. वर्षभर पुरेल इतका साठा करून ठेवायचा. बडवण्या-विंचरण्यामुळे एकेका पात्याचे अनेक बारीक तंतू होतात, आणि सगळी किमया त्या तंतूंच्या मधल्या जागेत आहे. ऊब कापडात नसते, कापडाने अडवून धरलेल्या हवेत असते. आपल्या गोधडीत जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर टाचतात तेव्हा त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि आतली उष्णता बाहेर जायला वेळ लागतो; तीच गोधडी भिजली की गार पडते. गवत पायाभोवती हवेचा असा जाड थर धरून ठेवतं, शिवाय पायाचा घाम टिपून तो कातडीपासून दूर ओढतं. लोकरी मोजा मात्र पायाला घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे त्यातला ओलावा कातडीलाच लागून राहतो.

संध्याकाळी तंबूत आल्यावर पहिलं काम म्हणजे बुटातलं गवत काढून, मोकळं करून चुलीशेजारी वाळत घालणं. सकाळी तेच पुन्हा हाताने फुगवून भरायचं. लहान मुलांना हे काम नीट शिकवलं जाई, कारण गवताचा एक गोळा चुकीच्या जागी राहिला तर दिवसभराच्या चालीत तेवढा भाग गारठायचा.

बूटही विचारपूर्वक बेतलेला. तो रेनडिअरच्या पायांच्या कातड्याचा असतो, कारण तिथले केस आखूड, दाट आणि झिजायला चिवट. तळव्याचे तुकडे असे जोडतात की एका बाजूचे केस पुढे आणि दुसऱ्या बाजूचे मागे वळतात. त्यामुळे पाय पुढेही घसरत नाही, मागेही नाही. बुटाचं टोक वर वळलेलं असतं ते शोभेसाठी म्हणून नव्हे. स्कीच्या पट्ट्यात ते अडकतं आणि पाय सुटत नाही. घोट्याभोवती हाताने विणलेली लांब पट्टी गुंडाळली की आत बर्फ शिरायला वाव उरत नाही.

युरोपातल्या शहरी लोकांनी सामींना दीर्घकाळ मागासलेले भटके ठरवलं. त्याच युरोपचे संशोधक ध्रुवांकडे निघाले तेव्हा त्यांनी सामींचेच बूट घातले. फ्रिट्यॉफ नान्सेनने १८८८ मध्ये ग्रीनलंडचं हिमपठार ओलांडलं, तेव्हा त्याच्या सहा जणांच्या तुकडीत सामुएल बाल्टो आणि उले रावना हे दोघे सामी होते. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर १८९९ चा हिवाळा काढणाऱ्या पहिल्या तुकडीतही पेर सावियो आणि उले मुस्त हे दोन सामी होते. या चौघांची नावं शाळेच्या पुस्तकांत का येत नाहीत, हा प्रश्न मला सलतो.

चौकट : सामी कोण, कुठले?
सामी हे उत्तर युरोपातले आदिवासी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड यांचा उत्तर भाग आणि रशियाचा कोला द्वीपकल्प मिळून त्यांची भूमी होते. तिला ते ‘सापमी’ म्हणतात. लोकसंख्या अंदाजे ८० हजार ते एक लाख. त्यांच्या नऊ भाषा आज बोलल्या जातात. त्या फिनिश भाषेच्या नात्यातल्या आहेत, नॉर्वेजियन-स्वीडिशच्या नव्हेत. बाहेरच्यांनी दिलेलं ‘लॅप’ हे नाव ते अपमानकारक मानतात. रेनडिअर पाळणं हा त्यांच्यापैकी सुमारे दहातल्या एकाचाच व्यवसाय आहे. समुद्रकाठचे सामी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आणि थोडी शेती करत आले.

गोठलेल्या जमिनीवर जनावर जगतं कसं?

जिथे निम्मं वर्ष जमीन बर्फाखाली असते, तिथे एवढं मोठं चरणारं जनावर काय खाऊन जगतं? उत्तर आहे दगडफूल. आपल्या गोडा मसाल्यात पडतं त्याच्याच वर्गातली एक जात तिथे जमिनीवर पांढुरक्या गालिच्यासारखी पसरते. दगडफूल म्हणजे एक बुरशी आणि एक शैवाल यांचा एकत्र संसार. त्यात प्रथिनं अगदी कमी, पण पिष्टासारखे पदार्थ भरपूर. बहुतेक जनावरांना ते पचत नाहीत. रेनडिअरच्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र ते फोडू शकतात, आणि त्या ऊर्जेवर हे जनावर रोडावत का होईना, वसंतापर्यंत तग धरतं.

त्याचं सगळं शरीरच या कामासाठी घडलेलं आहे. अंगावरचे केस आतून पोकळ आणि हवेने भरलेले. नाकातल्या वळणदार पोकळ्या बाहेर जाणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल परत शोषून घेतात. खुराचा मऊ तळवा हिवाळ्यात आक्रसतो, कडा धारदार होऊन पुढे येते आणि तिने बर्फ खणता येतो. डोळ्याच्या मागचा चकाकता पडदा उन्हाळ्यात सोनेरी तर हिवाळ्यात निळा होतो, त्यामुळे ध्रुवीय रात्रीच्या अंधुक उजेडातही त्याला दिसतं. हरणांच्या कुळात शिंगं सहसा नराला असतात, इथे मादीलाही असतात. मोठे नर शरदातल्या माजानंतर शिंगं टाकतात. गाभण मादी ती वसंतापर्यंत बाळगते आणि खणलेल्या खड्ड्यावरून इतरांना हुसकावते. पोटातल्या पिल्लाला तिच्या शिंगांमुळेच खायला मिळतं.

खरी अडचण बर्फाची. बर्फ किती खोल आहे यापेक्षा तो कसा आहे याला जास्त महत्त्व. तळाशी साखरेच्या दाण्यांसारखा सुटा बर्फ असेल तर खूर सहज आत जातो. अशा बर्फाला उत्तर सामी भाषेत ‘सेआङाश’ म्हणतात आणि तो दिसला की कळपवाले निर्धास्त होतात. ऐन हिवाळ्यात मात्र मधेच ऊब आली, पाऊस पडला आणि पुन्हा गोठलं, तर ते पाणी खाली झिरपून जमिनीलगत बर्फाची घट्ट लादी बनवतं. दगडफूल त्या लादीत बंद होतं. रेनडिअरला ते खणता येत नाही, त्याचा वासही येत नाही. अन्न पायाखाली असूनही कळप उपाशी राहतो.

पूर्वी अशा वेळी लोक कळप घेऊन जुन्या जंगलात शिरत. तिथल्या म्हाताऱ्या झाडांच्या फांद्यांवर दाढीसारखं लोंबणारं दगडफूल असे, तेच जनावरांना खायला मिळे. ती जंगलं मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. नव्याने लावलेली झाडं हिरवी दिसतात, पण त्यांच्यावर ही दाढी उगवायला फार मोठा काळ जावा लागतो. त्यात हवामान तापत चाललं आहे आणि हिवाळ्यातला पाऊस वाढतो आहे. म्हणून आज अनेक कुटुंबांना विकतचा चारा घालावा लागतो.

दगडफुलाची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. एकदा चरून संपलेली जागा भरून यायला दशकं लागू शकतात. म्हणून एका ठिकाणी थांबणं शक्यच नसतं, आणि भटकंतीचं मूळ कारण हेच आहे. दगडफुलाला मुळं नसतात, सगळं पोषण ते हवा-पाण्यातून घेतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला तेव्हा पावसाबरोबर खाली आलेलं किरणोत्सारी सीझियम त्याने तसंच शोषलं. हजाराहून अधिक किलोमीटर दूरच्या त्या स्फोटामुळे मध्य स्वीडन आणि नॉर्वेतल्या सामींना रेनडिअरचं मांस टाकून द्यावं लागलं.

आठ ऋतू आणि कानावरची सही

सामी वर्षाचे ऋतू आठ. हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद हे चार आणि त्यांच्यामधले चार सांधे. हे सांधे कळपाच्या कामावरून ठरलेले आहेत. मार्च-एप्रिलचा ‘वसंत-हिवाळा’ घ्या. दिवसा ऊन तापून वरचा बर्फ विरघळतो, रात्री गोठून त्याची कडक पापडी होते. या पापडीवरून माणूस, घसरगाडी आणि जनावर न रुतता जातं. म्हणून स्थलांतर रात्री आणि पहाटे करायचं, दुपारी थांबायचं. गाभण माद्या आपल्या जुन्या जागांकडे निघतात, मे महिन्यात पिल्लं जन्मतात.

जुलैच्या आसपास खुणा करण्याचं काम येतं. तेही रात्री, कारण सूर्य मावळत नसला तरी रात्री गारवा असतो आणि पिल्लांना धावपळीचा त्रास कमी होतो. आपल्याकडे जनावराला डाग देतात, तिथे सुरीने दोन्ही कानांच्या कडांना ठरावीक आकाराचे छेद देतात. छेदांचा प्रत्येक नमुना एका माणसाच्या नावावर नोंदलेला असतो. एका घराण्यातले नमुने एकमेकांसारखे असतात, मुलाच्या खुणेत बापाच्या किंवा आजोबांच्या खुणेची ठेवण ओळखू येते. शेकडो पिल्लांतून आपलं कोणतं हे कळतं ते आईवरून. पिल्लू आईच्या मागे धावतं, आईचा कान वाचायचा आणि फासा टाकून पिल्लू धरायचं. कापलेले कानाचे तुकडे जपून ठेवतात, त्यावरून किती पिल्लांना खूण झाली ते मोजता येतं. तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत, असं विचारणं मात्र असभ्य मानतात. तो बचत किती आहे असा प्रश्न ठरतो.

हे सगळं अनादी काळापासून असंच चालत आलं, असं समजणं चूक आहे. इ. स. ८९०च्या सुमारास उत्तर नॉर्वेच्या उत्तार नावाच्या सरदाराने इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या मुलखाची हकीकत सांगितली. त्यात त्याच्याकडे ६०० माणसाळलेले रेनडिअर असल्याचं आणि त्यांतले सहा जंगली रेनडिअरना भुलवून आणणारे असल्याचं म्हटलं आहे. सामी त्याला कर म्हणून कातडी, पिसं आणि जहाजाचे दोर देत. त्या काळी जंगली रेनडिअरची शिकार हाच मुख्य आधार होता, पाळीव जनावर ओझं वाहायला आणि शिकार भुलवायला असे. पुढे कर आणि व्यापारासाठी शिकार वाढत गेली, जंगली कळप घटले, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सुमारास मोठे पाळीव कळप उभे राहिले.

चुलीखालची देवता

सामींचा तंबू आतून पाहिला की धर्म आणि संसार एकाच आराखड्यात बसवलेले दिसतात. मध्यभागी दगडांनी आखलेली चूल. वर धुराला मोकळी जागा, खालच्या कडेने ताजी हवा आत. ती चुलीला मिळते आणि धूर सरळ वर जातो. माणसं जमिनीलगत, धुराच्या थराच्या खाली बसतात. बसायला भूर्जवृक्षाच्या कोवळ्या डहाळ्यांचा जाड थर आणि त्यावर कातडी. इथेही अंगाखाली हवेचीच गादी.

दारासमोर, चुलीच्या पलीकडची जागा पवित्र. भांडीकुंडी, अन्न आणि पूर्वीच्या काळी ढोलही तिथेच ठेवत. आदिमाता माद्दाराहका आणि तिच्या तीन मुली घराची राखण करतात, अशी श्रद्धा होती. साराहका चुलीखाली राहते आणि बाळंतपणात सोबत करते. बाळंतिणीला तिच्या नावाची पेज देत. उक्साहका दाराशी बसून आल्यागेल्यावर नजर ठेवते. युक्साहका धनुष्य घेऊन चुलीमागच्या जागेत असते. रोज पाय ठेवायच्या जमिनीखाली देवता आहेत म्हटल्यावर घरात वावरायची रीतच ठरून जाते. कुठून यायचं, कुठे बसायचं, काय ओलांडायचं नाही, हे मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

घराबाहेर वेगळ्या घडणीच्या शिळा किंवा खडक पूज्य मानत. कोळी त्यांना माशाची चरबी लावत, शिकारी शिंगं वाहत. शेंदूर माखलेल्या दगडाला हात जोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

जाणत्याला ‘नोआयदी’ म्हणत. त्याचं साधन म्हणजे ढोल, लाकडी चौकटीवर ताणलेलं रेनडिअरचं कातडं. त्यावर अल्डर झाडाच्या सालीच्या तांबड्या रसाने सूर्य, देवता, जनावरं, तंबू, माणसं काढलेली असत. कातड्यावर एक लहान कडं ठेवायचं आणि शिंगाच्या हातोडीने ठोके द्यायचे. कडं सरकत सरकत ज्या चित्रावर थांबेल त्यावरून शिकारीला कुठे जावं, आजाऱ्याचं काय होईल हे सांगायचं. साधे कुटुंबप्रमुखही ढोल बाळगत आणि त्याला कौल लावत.

सतराव्या-अठराव्या शतकांत चर्च आणि राजसत्तेने हे ढोल जप्त केले, अनेक जाळले. आज सत्तरेक जुने ढोल शिल्लक आहेत. १६९२ मध्ये नॉर्वेतल्या वाड्सोला आंदेर्स पौल्सेन या वृद्ध सामीवर जादूटोण्याचा खटला चालला. त्याने न्यायालयाला ढोलावरचं एकेक चित्र समजावून सांगितलं, म्हणून ढोलांच्या अर्थाबद्दलची ती एक मोलाची नोंद ठरली. निकाल लागण्याआधीच कैदेत त्याचा खून झाला. त्याचा ढोल कोपनहेगनच्या राजसंग्रहात गेला. पुढे तो काही दशकं काराशोकच्या सामी संग्रहालयात उसनवारीवर होता. तो कायमचा सामींच्या मालकीचा झाला २०२२ मध्ये, तब्बल ३३० वर्षांनी. १९८६ मध्ये स्वीकारलेल्या सामी ध्वजावर जे सूर्य-चंद्राचं वर्तुळ आहे, ते अशाच ढोलांवरच्या सूर्यावरून घेतलेलं आहे.

हातातली विद्या

सामी हस्तकलेला ‘दुओजी’ म्हणतात. कामाची वस्तू चांगली असावी आणि सुंदरही असावी, ही त्यामागची धारणा. भूर्जाच्या बुंध्यावर गाठ येते, तिच्यातून ‘गुक्सी’ हा पेला कोरतात. साध्या लाकडाला एका दिशेने रेषा असतात आणि त्यावरून ते चिरतं. गाठीतल्या रेषा चहूकडे वळलेल्या असल्याने तिला सहज चीर जात नाही. कोरलेला पेला मिठाच्या पाण्यात उकळून सावकाश वाळवतात, म्हणजे ओलावा एकदम निघून तडे पडत नाहीत. सुरीच्या म्यानासाठी रेनडिअरचं शिंग. त्यावर बारीक नक्षी कोरून अल्डरच्या सालीची पूड चोळायची, की रेषा तांबूस उठून दिसतात. दक्षिणेकडच्या कारागिरांची नक्षी भौमितिक, उत्तरेकडच्यांची फुलापानांची.

मला सगळ्यात थक्क करतं ते कथिलाचं काम. शिंगाच्या पट्टीला लहान लहान होत जाणारी भोकं पाडायची आणि कथिलाची काडी एकेका भोकातून ओढून काढायची. पूर्वी ती दातांनी ओढत. शेवटी केसासारखी बारीक तार उरते. ती स्नायूंच्या तंतूंपासून वळलेल्या दोऱ्याभोवती गुंडाळून कातड्यावर शिवायची. चांदी न परवडणाऱ्या घरांतली ही चमक आज दागिन्यांच्या रूपाने जगभर जाते.

‘गाक्ती’ या पोशाखाच्या रंगांवरून, पट्ट्यांवरून आणि कापावरून माणूस कुठल्या भागातला, कुठल्या घराण्यातला हे जाणकाराला कळतं. या पोशाखाला निषेधही करता येतो. नॉर्वेतल्या फोसेन भागात हिवाळी कुरणांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांचे परवाने सामींच्या संस्कृतीच्या हक्काचा भंग करतात, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी एकमताने दिला. पवनचक्क्या फिरतच राहिल्या. २०२३ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लोत सरकारी कार्यालयांची दारं अडवली, तेव्हा अनेकांनी गाक्ती उलटी करून, शिवण बाहेर ठेवून घातली होती. पुढे भरपाई आणि पर्यायी कुरणांचा करार झाला. पवनचक्क्या हटलेल्या नाहीत. स्वच्छ ऊर्जा हवीच. पण तिची किंमत दर वेळी सामींच्याच कुरणांनी का मोजावी, याचं समाधानकारक उत्तर त्या सरकारने दिलेलं नाही, असं माझं मत आहे.

तिकडे जाणाऱ्यांसाठी

अलीकडे उत्तरध्रुवीय प्रकाश पाहायला आपल्याकडचे पर्यटकही ट्रोम्सो आणि रोव्हानिएमीला जाऊ लागले आहेत. तिथल्या दुकानांत सामी टोप्या आणि पोशाखांच्या स्वस्त नकला मिळतात, कधी सामी नसलेलेच लोक तो वेष घालून स्वागताला उभे असतात. फिनलंडच्या सामी संसदेने २०१८ मध्ये पर्यटनासाठी नीतितत्त्वं जाहीर केली, ती याच कारणाने. तुम्ही गेलात तर नकली टोपी घालून फोटो काढू नका. इनारीचं ‘सीदा’, योकमोकचं ‘आय्त्ते’ किंवा काराशोकचं संग्रहालय यांपैकी एकासाठी तरी अर्धा दिवस राखून ठेवा. आणि वस्तू घ्यायचीच असेल तर ‘सामी दुओजी’ची खूण आहे का ते पाहा, ती सामी कारागिराने स्वतः बनवलेल्या वस्तूवरच लावली जाते.